बाळंतीण घरी आल्यावरचे ४२ दिवस: खेड्यापाड्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आशाताईंची, म्हणजे गावातल्या आरोग्य-कार्यकर्त्यांची, देखरेख करणारी गटप्रवर्तक म्हणून बरीच वर्षं गावं, पाडे, वस्त्या फिरले. खालचे प्रश्न घरभेटीत, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर आणि रात्री-अपरात्री फोनवर आलेले आहेत. बहुतेक सुनांचे, बरेच सासूबाईंचे, काही नवख्या आशाताईंचे. माहिती महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातली आहे. घाई असेल तर प्रश्न ३ आणि प्रश्न १० आधी वाचा.

१. आशाताई घरी किती वेळा येते? तिला पैसे द्यायचे का?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा वेळा: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिला दिवस धरून सात वेळा. सिझर होऊन बाळंतीण उशिरा घरी आली, तर सातव्या दिवसापासून पाच वेळा. तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या की तिला शासनाकडून २५० रुपये मिळतात. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही ती येते.

भेट म्हणजे दारात उभं राहून "बरं आहे ना?" विचारणं नव्हे. हात धुऊन बाळाचं वजन, ताप, श्वास, बेंबी आणि दूध ओढणं बघायचं, मग आईची विचारपूस. पिशवीतून काटा निघाला नाही तर संकोच न करता म्हणा, "ताई, वजन करा ना."

२. दवाखान्यात डॉक्टरांनी बाळ तपासलंय. मग घरी पुन्हा कशाला बघायचं?

कारण धोका दवाखान्याच्या दारात संपत नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावली, आणि त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांतच. बाळ-बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येतात. जंतुसंसर्ग, दूध न ओढणं, अंग गार पडणं हे पुष्कळदा त्यानंतर, घरातच सुरू होतं.

घरभेटींची ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात ते आलं. मोठी यंत्रं नव्हती तिथे. बाळाकडे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रीतीने बघणारं माणूस होतं.

३. बाळ खूप शांत आहे, रडत नाही, नुसतं झोपतं. गुणी म्हणायचं की काही बिघडलंय?

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. एका थंडीत वस्तीवरच्या घरी नवव्या दिवसाचं बाळ बघायला गेलो. आजी कौतुकाने म्हणाली, "देवासारखं आहे, हूं की चूं नाही." आशाताईने बाळाच्या तळपायावर बोटाने टिचकी मारली. पाय जेमतेम हलला. छातीशी लावलं तर दोनदा ओढून तोंड सुटलं. काखेतलं थर्मामीटर ९५ फॅरनहाइटवर थांबलं. तासाभरात गाडी निघाली आणि बाळ वाचलं. संध्याकाळपर्यंत "झोपू दे" म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

नवजात बाळ दिवसाचे बरेच तास झोपतं, हे खरं. पण भूक लागली की ते उठतं, जोरात रडतं, जोरात ओढतं. काल ओढणारं बाळ आज ओढत नसेल, रडणं क्षीण झालं असेल, हातपाय लुळे पडले असतील, तर ते आजारी आहे. त्याशिवाय अंग गार किंवा गरम लागणं, श्वास जोरजोरात चालणं, श्वास घेताना छातीखालचा भाग खोल आत जाणं, झटके, पोट फुगून उलट्या, बेंबीतून पू, तळहात-तळपाय पिवळे होणं, यातलं एकही दिसलं तरी दवाखाना. दोन लक्षणं होईपर्यंत थांबायचं नाही. नवजात बाळाला ताप येईलच असं नाही. जंतुसंसर्गात ते उलट गारही पडतं. म्हणून "ताप नाही ना, मग काही नाही" हा हिशेब इथे चालत नाही.

पोट फुगलं म्हणून तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची रीत काही भागांत अजून आहे. पोटातल्या जंतूंवर त्याचा काही उपाय होत नाही. वरून जखम होते आणि औषधाचा वेळ जातो. हे मी हात जोडून सांगते: चटके देऊ नका.

४. श्वास जोरात चालतोय हे घरी कसं ओळखायचं?

बाळ शांत असताना झबलं वर करा आणि पोट वर-खाली होताना घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. या वयात श्वास कधी भरभर, कधी सावकाश चालतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर निघा. दोन महिने ते एक वर्ष ही मर्यादा ५०, आणि एक ते पाच वर्षं ४०.

५. बाळाचे पाय गार लागतात. खाटेखाली शेगडी ठेवू का? आणि अंघोळ कधी घालायची?

शेगडी नको. बंद खोलीतला धूर बाळाच्या आणि आईच्या छातीत जातो, आणि भाजल्याच्या घटना मी पाहिल्या आहेत. बाळाला ऊब देणारी सगळ्यात चांगली जागा आईची छाती. टोपडं, मोजे आणि लंगोट एवढंच ठेवून बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं धरा, मान एका बाजूला वळवा, नाक मोकळं राहील असं बघा आणि दोघांवरून लुगडं किंवा शाल गुंडाळा. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून ती सुरू झाली, आणि आता मोठमोठ्या रुग्णालयांतही वापरतात. आई दमली तर बाबा किंवा आजीनेही असं धरावं. एका सासऱ्यांनी हे वाचून "मला चालेल का?" असं विचारलं होतं. चालेल, आनंदाने.

आधी पोट आणि मग पाय हाताच्या पाठीने बघा. पोट कोमट, पाय गार म्हणजे ऊब कमी पडतेय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार म्हणजे धोका. बाळाला छातीशी धरूनच दवाखान्याकडे निघा. थर्मामीटर असेल तर काखेत ९७.७ ते ९९.५ हे ठीक.

पहिले २४ तास अंघोळ नको, पुसून कोरडं करणं पुरे. वजन अडीच किलोच्या आत असेल तर अंघोळ आणखी लांबवा, किती ते नर्सबाई वजन बघून सांगतील. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण टाळू भरताना दाबू नका आणि नाका-कानात तेल मुळीच नको.

६. पहिला चीक पिवळा, घट्ट असतो. तो काढून टाकून मध-साखर चाटवली तर?

चीक टाकू नका. तीच बाळाची पहिली लस समजा. जन्मानंतर तासाभरात छातीशी लावा, सिझर झालं असेल तरी जितक्या लवकर जमेल तितकं. मध वर्षाच्या आत कधीच नको, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटी, साखरपाणी, गाईचं दूध, साधं पाणी यांतलं काहीही सहा महिने नको, उन्हाळ्यातही नको. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं चालतं.

आजींना हे पटवताना "तुमचं चुकलं" असं म्हणू नये, हे मी अनुभवाने शिकले. "गुटीचा मान ठेवायचाय ना? सहा महिन्यांनी उष्टावण करू, तेव्हा सगळं तुमच्या हातून," असं म्हटलं की पुष्कळ घरांत वाट मोकळी होते.

७. मला दूध पुरत नाही, असं सगळे म्हणतात. कसं कळणार?

बाळ किती रडतं यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. चौदाव्या दिवसापर्यंत ते जन्माच्या वजनावर यायला हवं. नाही आलं तर आशाताईसमोर बाळाला पाजा. बहुतेक वेळा बाळ नुसतं बोंड तोंडात धरतं, भोवतालचा काळा भाग तोंडात जात नाही. तेवढं बदललं की दूध "वाढतं". बोंडाला चिरा पडण्याचंही हेच कारण. रात्रीही पाजा. बाटली नको, काढलेलं दूध पाजायचं तर वाटी-चमचा.

८. बेंबीला हळद, तेल, राख, काजळ, काय लावू?

काहीच नाही. कोरडी ठेवा, लंगोट बेंबीच्या खाली बांधा. एक-दोन आठवड्यांत नाळ आपोआप गळते. लाली, वास किंवा पू दिसला तर प्रश्न ३.

९. बाळ पिवळं दिसतंय. कोवळ्या उन्हात ठेवलं की कावीळ उतरते ना?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर आलेला हलका पिवळेपणा बऱ्याच बाळांत आपोआप जातो, आणि त्याला वारंवार अंगावर पाजणं हाच आधार. पण जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळेपणा आला, तळहात-तळपायांपर्यंत पोचला, बाळ सुस्त झालं किंवा पिवळेपणा चौदा दिवसांनंतरही टिकला, तर उन्हाच्या भरवशावर राहू नका. वाढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करते. निळ्या दिव्याखालचा उपचार जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात, मोफत मिळतो.

१०. बाळंतिणीला काय झालं की थांबायचं नाही?

घरात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि बाळंतिणीला "थोडं सहन कर" सांगितलं जातं. पुढची लक्षणं सहन करायची नसतात.

रक्तस्राव: तासाभरात कापडाची घडी पूर्ण भिजली, मोठ्या गाठी पडल्या, घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या क्षणी १०८. पहिले २४ तास सगळ्यात धोक्याचे, म्हणूनच ४८ तास दवाखान्यात थांबा असं सांगतात. "बाळंतपण छान झालं, संध्याकाळी नेतो" हा आग्रह करू नका.

रक्तदाब: बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, हे फार कमी घरांना माहीत असतं. जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा धूसर दिसणं, पोटाच्या वरच्या भागात कळ, तोंडावर सूज: लगेच दाब मोजून घ्या. १४०/९० किंवा जास्त म्हणजे डॉक्टर. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, गाडी बोलवा. बाहेरचं आहे म्हणून देवऋष्याकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

ताप आणि अंगावरून वास येणारा स्राव, एकाच पायाच्या पोटरीत दुखून सूज, दम लागणं, छाती कडक होऊन ताप येणं, हीही त्याच दिवशी दाखवायची.

आणि मन. पहिल्या काही दिवसांत रडू येतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, झोप नसेल, बाळाला हात लावावासा वाटत नसेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर तो आजार आहे, हट्ट नव्हे. आशाताईला सांगा किंवा १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं. जीव देण्याचे विचार असतील तर तिला एकटं सोडू नका, दोन आठवडे मोजत बसू नका.

११. बाळंतिणीचं पथ्य किती पाळायचं? पाणी कमी प्यायचं का?

पाणी भरपूर. डाळ, पालेभाजी, अंडी, मासे, फळं, घरात जे असेल ते सगळं, आणि नेहमीपेक्षा जास्त. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकत्र घेऊ नका. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. आदिवासी भागात अंगणवाडीतून अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने मिळतं. ते त्या बाईने खायचं आहे, डब्यात भरून घरी वाटायचं नाही.

१२. गाडीसाठी १०८ की १०२? आणि गाडी येईपर्यंत काय?

जीव धोक्यात असेल तर १०८. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात जाण्यासाठी, तिथून पुढच्या दवाखान्यात आणि बाळंतपणानंतर घरी सोडण्यासाठी १०२. दोन्ही मोफत.

पण गाडीपेक्षा जास्त वेळ घरातच जातो, असं माझं पक्कं मत झालं आहे. नवरा शेतावर, सासरे बाजाराला, "ते आले की ठरवू." म्हणून आठव्या महिन्यातच चार गोष्टी ठरवून ठेवा: घरात कुणी नसताना निघायचं हे कोण ठरवेल, गाडी आली नाही तर गावात कोणाची जीप, सोबत कोण जाणार, मोठी मुलं कोणाकडे. आणि निर्णयाचा हक्क घरात असेल त्या बाईला द्या. पिशवीत एमसीपी कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड), आधार, बँक पासबुक, दोन धुतलेली सुती लुगडी, टोपडं आणि मोजे भरून ठेवा. पावसाळ्यात नाला अडत असेल किंवा रस्ताच नसेल, तर तारखेच्या आधी आरोग्य केंद्राजवळ राहा. काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्रातच माहेरघराची सोय आहे.

निघताना आशाताईला किंवा नर्सबाईंना पुढच्या दवाखान्यात फोन करायला सांगा. चिठ्ठी हातात देऊन पाठवलेली एक बाई तीन ठिकाणी फिरताना मी पाहिली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवात "काय झालं?" इथूनच होत होती.

१३. पैसे कशाचे आणि किती मिळतात?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि गाडी मोफत आहे. आजारी बाळाचा उपचार एक वर्षापर्यंत. कितवं मूल, कोणतं रेशनकार्ड, हे इथे विचारायचं नसतं. कोणी बाहेरून औषध आणायला लावलं तर पावती जपा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणाला ७०० रुपये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, ३,००० आणि २,००० असे दोन हप्त्यांत. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अडतं ते बहुधा एकाच जागी: आधारला जोडलेलं खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं नसतं. सातव्या महिन्यात बँकेत जाऊन ते बघा. दुसऱ्या हप्त्यासाठी जन्मनोंद लागते. ती २१ दिवसांत मोफत होते, घरी बाळंतपण झालं असेल तर ग्रामपंचायतीत.

१४. नोंदणी सासरी, बाळंतपण माहेरी. तिथली आशाताई आम्हाला बघेल का?

बघेल, आणि तिने बघायलाच हवं. एमसीपी कार्ड आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक कुठल्याही गावात चालतो. निघायच्या आधी सासरच्या आशाताईकडून माहेरच्या आशाताईला फोन करून घ्या. हे एक काम राहिलं की दोघींच्या वहीत बाई "गेलेली" दिसते आणि प्रत्यक्षात तिच्याकडे कोणीच जात नाही.

१५. आम्ही ऊसतोडीला जातो. फडावर लसी आणि तपासणी कशी होणार?

तारीख हंगामात येत असेल तर बाईने शेवटचे दोन महिने आणि नंतरचे ४२ दिवस कोयता उचलू नये. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडण्याचं बोलणं मुकादमाशी घरच्या पुरुषांनी आधीच करावं. जायचंच असेल तर कार्ड सोबत न्या आणि कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र पोचल्याच दिवशी शोधा. जन्मानंतर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांत कावीळ-बीची लस. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. एखादा डोस चुकला तर पुढून सुरू होतो, पहिल्यापासून घ्यावा लागत नाही. "उशीर झाला, आता देत नाही" असं कुणी म्हटलं तर पुन्हा विचारा.

१६. गाडी यायच्या आतच बाळ बाहेर आलं. काय करायचं?

स्वच्छ सुती कापडाने बाळ लगेच कोरडं करा, ओलं कापड बाजूला टाका, आईच्या पोटावर ठेवून दोघांना झाका. रडत नसेल तर पाठ चोळा. उलटं धरू नका, थापट्या मारू नका. नाळ कापायची घाई नको; येणाऱ्या सिस्टर कापतील. फारच वेळ लागणार असेल तर नाळेतले ठोके थांबल्यावर उकळलेल्या दोऱ्याने दोन ठिकाणी बांधून मधे नव्या ब्लेडने कापा, विळ्याने कधीच नाही. वार (नाळेला जोडलेली, बाळामागून पडणारी गादी) ओढू नका, पोट दाबू नका. अर्ध्या तासात वार पडली नाही किंवा रक्त थांबत नाही तर प्रश्न १०. सगळं ठीक वाटलं तरी दोघांना दवाखान्यात न्या. बाळाला व्हिटॅमिन के चं इंजेक्शन आणि लसी, आईला तपासणी लागते.

१७. मुलगी अठराच्या आतली आहे. दवाखान्यात गेलो तर पोलीस येतील म्हणून घरीच ठेवावी का?

नाही. पोक्सो (अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याप्रमाणे डॉक्टरांना कळवावं लागतं, हे खरं आहे. पण उपचार नाकारता येत नाही, आणि कोवळ्या वयात रक्तदाब, रक्तक्षय, अडलेलं बाळंतपण यांचा धोका जास्त असतो. लपवलेल्या मुली मी शेवटच्या क्षणी आलेल्या पाहिल्या आहेत. तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच सुरू करा.

१८. बाळ १६०० ग्रॅमचं होतं, एसएनसीयूतून घरी सोडलंय. आता वेगळं काय?

सोडलं म्हणजे पूर्ण बरं झालं असं नाही, घरी सांभाळता येण्याइतकं झालं. दिवसाचे जितके तास जमतील तितके कांगारू पद्धतीने ठेवा (प्रश्न ५), दर दोन तासांनी पाजा, दमत असेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने. पाचवी-बारशाला बाळ दहा हातांतून फिरवू नका. पाहुण्यांनी लांबून आशीर्वाद द्यावा. आशाताईकडून दर आठवड्याला वजन करून घ्या आणि सुटीच्या कागदावरची फेरतपासणीची तारीख, डोळ्यांच्या तपासणीसकट, चुकवू नका. खूप कमी वजनाच्या, लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा वेळेत बघितला नाही तर नजर जाऊ शकते.

१९. आमचं बाळ राहिलं नाही. आता आशाताईने यायचं का? सुनेला आणखी त्रास नको.

यायचं. आईचं शरीर बाळंतिणीचंच आहे. रक्तस्राव, ताप, रक्तदाब हे सगळं प्रश्न १० प्रमाणे ४२ दिवस बघावं लागतं. दूध येतं आणि छाती भरून दुखते. घट्ट बांधू नका. आधार देणारा कपडा, गार ओली घडी, आणि फार ताण आला तर दुखणं कमी होईल एवढंच थोडं दूध काढा. काही दिवसांत ते ओसरतं.

बाळाबद्दल तिला बोलायचं असेल तर बोलू द्या, नाव ठेवलं असेल तर त्या नावाने. तिच्यासमोर "पांढऱ्या पायाची" हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाला घरातल्या मोठ्यांनी तिथल्या तिथे थांबवावं. पुन्हा दिवस राहण्यात काही महिन्यांचं अंतर ठेवा, किती ते डॉक्टरांना विचारा, आणि दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत हे बाळंतपण कसं झालं ते नीट सांगा. कागद फाडून टाकू नका. आशाताई नवखी असेल तर तिला काय बोलावं सुचणार नाही. तिने शेजारी बसून पाणी दिलं, नाडी पाहिली आणि परवा येते म्हणाली, तरी चालेल.